मालकीची मोळी

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे निवासस्थान पोटोमॅक नदीकाठी आहे. तेथून समोरच्या मेरीलँड तीरावर आजही वनराजी दिसते. ती सारी जमीन सरकारी नाही. मग तेथे इमारती उभ्या कशा राहिल्या नाहीत?

मालकी ही वस्तुतः अनेक हक्कांची मोळी आहे: कसण्याचा, विकण्याचा, बांधण्याचा. तीतील एखादी काठी दुसऱ्यास देता येते. आपल्याकडील शेतातून जाण्याची वहिवाट अशीच असते. १९६१ साली अमेरिकी काँग्रेसने या तीरावर पिस्कटवे उद्यानास मान्यता दिली. त्या अनुषंगाने अनेक मालकांनी मनमानी बांधकामाचा हक्क कायमचा सोडला; घरे व जमिनी त्यांच्याच राहिल्या.

असा करार पुढील प्रत्येक मालकास बंधनकारक असतो. विकासाला त्यात सर्वस्वी मज्जाव नसतो; घरे एका कोपऱ्यात आणि झाडी मोकळी, असेही ठरविता येते. मात्र नुसत्या कागदाने रान राखले जात नाही. वेळोवेळी पाहणी करणारी, प्रसंगी न्यायालयात जाणारी संस्था पाठीशी लागते.

आपला १८८२ चा सुविधाधिकार कायदा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसरीवर हक्क देतो. पाखरांना वा पुढील पिढ्यांना त्यात स्थान नाही. आपली आमराई कायमची राखावी असे वाटणारा शेतकरी मुलाला विनवू शकेल. पण मुलाकडून ती विकत घेणाऱ्यास या कायद्याच्या आधारे बांधून ठेवू शकणार नाही.