मोठी तार आल्यावर

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावात तीसेक वर्षे वीज नव्हती. जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस संस्थेने तिथे १०० किलोवॉटचा सौर मिनी-ग्रिड सुरू केला. वीज गावातच तयार करायची, बॅटऱ्यांत साठवायची आणि गावापुरत्या तारांवरून घरोघर पोचवायची, अशी ही व्यवस्था. कौतुक बरेच झाले. पण लवकरच बिहारचे नेते नितीश कुमार गावात आले, तेव्हा लोकांनी त्यांच्याकडे 'असली', म्हणजे सरकारी वीज मागितली. यात कृतघ्नपणा शोधण्याचे कारण नाही. दिवे लागत होते, पण फ्रिजसारखी जास्त वीज खाणारी उपकरणे लावायची नाहीत, अशी ताकीद होती. मग सरकारी वीज आली. सौर वीज तिच्या सुमारे तिप्पट महाग होती. बॅटऱ्या संपल्या आणि २०२१ पर्यंत त्या केंद्रात गुरे बांधली जाऊ लागली.

यावरून मिनी-ग्रिड म्हणजे हौसेचा खेळ, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. कंबोडियात खेड्यापाड्यांत खासगी मालकांचे छोटे ग्रिड होते, तेही सौर नव्हे, डिझेलवर चालणारे. तिथल्या नियामकाने त्यांना परवाने दिले. पुढे राष्ट्रीय वीजवाहिनी पोचली तेव्हा यांतल्या अनेकांनी जनित्रे बंद केली, घाऊक वीज विकत घेतली आणि आपल्याच तारांवरून गावाला विकली. धरनईत अशी सोय आधीपासून असती, तर सौर केंद्र मोठ्या वाहिनीचा पूरक भाग होऊ शकले असते. नायजेरियाने २०१६ च्या नियमावलीत हेच लिहून ठेवले: मोठी वाहिनी आली, तर परवानाधारकाने तिला जोडून घ्यावे किंवा भरपाई घेऊन बाहेर पडावे. पैसा गुंतवणाऱ्याला सूर्याची नव्हे, या मोठ्या तारेची धास्ती असते.

मग मोठ्या वाहिनीचीच वाट का पाहू नये? कारण २०२२ मध्ये आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला सुमारे ५७ कोटी लोक विजेविना होते आणि विरळ वस्तीच्या गावांपर्यंत खांब नेण्याचा खर्च दोन-दोन बल्बांच्या बिलातून कधीच निघत नाही. महागाईचा आक्षेप मात्र खरा आहे. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालाने चांगल्या सौर मिनी-ग्रिडच्या विजेचा खर्च युनिटला ३८ अमेरिकी सेंट धरला. पण सरकारी वीज स्वस्त दिसते तीही अनुदानामुळेच. तेवढा हात छोट्या ग्रिडला दिला, तर तुलना बरोबरीची होईल. शिवाय त्याच अहवालानुसार क्षमतेचा वापर २२ टक्क्यांवरून ४० वर गेला, तर खर्च २८ सेंटांवर येतो. हा वापर रात्रीच्या दिव्यांनी वाढत नाही. त्यासाठी भर दुपारी चालणारी पिठाची गिरणी हवी, पाण्याचा पंप हवा, वेल्डिंगचे दुकान हवे. म्हणून अनुदानाचा एक वाटा पॅनेलऐवजी गिरणीच्या मोटरसाठी कर्ज द्यायला वापरावा, असे मला वाटते.