चारच जनरलांचा देश

बर्न : स्वित्झर्लंडच्या लष्करात आज एकही जनरल नाही. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर तीन तारे आहेत, हुद्दा कोअर कमांडरचा आहे आणि पदाचे नाव लष्करप्रमुख असे आहे. जानेवारी २०२६ पासून ते पद बेनेडिक्ट रोस यांच्याकडे आहे. त्यांच्या आधीचे थॉमस स्युस्ली हे तर उमेदीची बरीच वर्षे बँकेत नोकरी केलेले गृहस्थ. पण यांपैकी कोणालाही जनरल म्हणता येत नाही. तो हुद्दा या देशाने युद्धासाठी राखून ठेवला आहे. १८४७ पासून आजपर्यंत इथे चारच जनरल झाले. त्यांतला शेवटचा १९४५ मध्ये पदमुक्त झाला आणि तेव्हापासून ती जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

जनरल नेमण्याचा अधिकार सरकारला नाही. राज्यघटनेच्या १६८ व्या कलमानुसार मंत्री, चॅन्सेलर आणि संघीय न्यायाधीश यांच्याप्रमाणेच जनरलही संसदेने निवडायचा असतो. मोठ्या प्रमाणावर सैन्य उभे करण्याची वेळ आली की कनिष्ठ सभागृहाचे २०० आणि वरिष्ठ सभागृहाचे ४६ सदस्य एकत्र बसतात आणि मतदान करतात. निवड झाल्यावरही सात मंत्र्यांचे मंडळच वरचढ राहते. काय साधायचे ते मंत्रिमंडळ ठरवते, कसे साधायचे ते जनरल. सैन्य घरी परतले की त्याचे पद संपते आणि त्याला आपल्या कारभाराचा लेखी अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. लग्नकार्यासाठी शेजारून आणलेली पातेली घासूनपुसून परत करावीत, तसा हा अधिकार परत करायचा असतो.

आपल्याकडे भारतात लष्करप्रमुख सरकार नेमते, ते पद कायम असते आणि जनरल हा हुद्दा त्या पदाबरोबरच येतो. सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे असते. स्विस मंडळींना एवढीही सोय नको वाटली, याचे कारण त्यांच्या एकूण राज्यपद्धतीत आहे. २६ कँटन, चार भाषा, दोन मोठे पंथ. कोणा एकाच्या हाती फार काही जाऊ नये, ही इथली जुनी काळजी. राष्ट्राध्यक्षपदही सात मंत्र्यांत दरवर्षी फिरते. जिथे अध्यक्ष वर्षभराचा, तिथे तलवार कायमची कोणाच्या हाती देणार?

पहिले जनरल गीयोम-आंरी द्यूफूर यांच्यामुळे ही प्रथा रुजली, असे म्हटले तर चूक ठरणार नाही. द्यूफूर जिनिव्हाचे, पेशाने इंजिनियर आणि नकाशाकार. पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले. संपूर्ण देशाचा १:१,००,००० प्रमाणातला पहिला अचूक नकाशा त्यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि देशातल्या सर्वांत उंच शिखराला, ४६३४ मीटरच्या द्यूफूरश्पित्झेला, त्यांचेच नाव आहे. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या गळ्यात जनरलपद पडले ते परक्या शत्रूशी लढण्यासाठी नव्हे. सात कॅथलिक कँटनांनी 'झोंडरबुंड' नावाची वेगळी आघाडी केली होती आणि ती मोडायला उरलेल्या देशाने सैन्य काढले होते. म्हणजे लढायचे ते स्वतःच्याच लोकांशी.

द्यूफूर यांच्या हाताखाली सुमारे एक लाख माणसे होती. त्यांनी घाई केली नाही, सूडही उगवला नाही. जखमी आणि कैदी यांना हात लावायचा नाही, चर्चची विटंबना करायची नाही, अशी ताकीद त्यांनी सैनिकांना दिली. आधी एकाकी पडलेल्या फ्रीबूर्गला एवढ्या मोठ्या फौजेने वेढले की १४ नोव्हेंबरला ते शहर जवळजवळ न लढताच शरण आले. मग गिसिकोनची चकमक, २४ तारखेला लुसर्न आणि २९ तारखेला व्हॅले कँटनची शरणागती. चार आठवड्यांच्या आत यादवी आटोपली. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे शंभर जण मेले. पुढच्याच वर्षी हरलेले आणि जिंकलेले एका राज्यघटनेखाली नांदू लागले, याचे मोठे श्रेय या मोजूनमापून केलेल्या लढाईला आहे. हेच द्यूफूर पुढे रेडक्रॉसचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८६४ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले.

१८४९, १८५६ आणि १८५९ मध्ये देशाने त्यांना पुन्हा बोलावले आणि काम झाल्यावर पुन्हा घरी पाठवले. १८५६ चा पेच न्यूशातेलवरून होता. प्रशियाचा राजा त्या कँटनवर हक्क सांगत होता. द्यूफूर यांनी सीमेवर फौज उभी केली, शिवाय पॅरिसला जाऊन तिसऱ्या नेपोलियनची भेटही घेतली. हा सम्राट तरुणपणी थूनच्या लष्करी शाळेत त्यांचाच विद्यार्थी होता. पुढच्या वर्षी प्रशियाने दावा सोडला.

दुसरे जनरल हान्स हर्झोग यांच्या वाट्याला १८७०-७१ चे फ्रान्स-प्रशिया युद्ध आले. १ फेब्रुवारी १८७१ रोजी ले व्हेरिएर या सीमेवरच्या गावात त्यांनी करार केला आणि जनरल बुर्बाकींची फ्रेंच फौज, सुमारे ८७ हजार उपाशी, गारठलेली माणसे, शस्त्रे खाली ठेवून स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला आली. त्या प्रसंगाचे प्रचंड गोलाकार चित्र लुसर्नमध्ये आजही पाहायला मिळते. पण हर्झोग यांची खरी कामगिरी त्यांच्या अहवालात आहे. कँटनांनी पाठवलेल्या तुकड्यांकडे धड शस्त्रे नाहीत, शिक्षण नाही, हे त्यांनी संसदेला रोखठोक सुनावले. १८७४ च्या नव्या राज्यघटनेत लष्कराचे बरेच अधिकार केंद्राकडे आले, त्यामागे या अहवालाचा मोठा हात होता.

तिसऱ्या निवडीत मात्र या पद्धतीचे दोष उघडे पडले. ३ ऑगस्ट १९१४ रोजी उलरिख विले निवडून आले. त्यांचा जन्म हँबर्गचा, पत्नी बिस्मार्क घराण्यातली आणि प्रशियन शिस्तीवर त्यांची श्रद्धा. संसदेतल्या बऱ्याच सदस्यांना थेओफिल स्प्रेखर हे दुसरे अधिकारी हवे होते. मंत्रिमंडळाने विले यांच्यासाठी जोर लावला आणि स्प्रेखर यांनी माघार घेतली. फ्रेंच भाषक कँटन आधीच साशंक होते. पुढच्या जुलैमध्ये विले यांनी मंत्रिमंडळाला पत्र लिहून जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरण्याचा सल्ला दिला. तटस्थ देशाच्या सेनापतीने असे लिहावे, हे बाहेर फुटताच फ्रेंच भाषक भागात संताप उसळला. त्याच सुमारास जनरल स्टाफचे दोन कर्नल जर्मन आणि ऑस्ट्रियन प्रतिनिधींना गुप्त पत्रके पुरवत असल्याचे उघड झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये अडीच लाख कामगारांनी देशव्यापी संप पुकारला. त्याआधीच विले यांनी झुरिकमध्ये सैन्य आणण्याचा आग्रह धरला होता. ग्रेन्खेन इथे सैनिकांच्या गोळ्यांनी तीन जण मेले. कामगार चळवळीने विले यांना कधीच माफ केले नाही.

म्हणूनच ३० ऑगस्ट १९३९ रोजी संसदेने २०४ मतांनी निवडलेला चौथा जनरल फ्रेंच भाषक होता, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. आंरी गिझां व्हो कँटनचे, शेतीशास्त्र शिकलेले, माणसांत मिसळणारे. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि स्वित्झर्लंड जवळजवळ चहूबाजूंनी अक्ष राष्ट्रांनी वेढला गेला. लोक धास्तावले होते, मंत्र्यांची भाषणे गुळमुळीत होत होती. २५ जुलैला गिझां यांनी सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोटीने र्‍युटलीच्या कुरणावर नेले. १२९१ मध्ये स्विस एकजुटीची शपथ जिथे घेतली गेली असे दंतकथा सांगते, तीच ही जागा. लढायचेच, हे त्यांनी तिथे सांगितले आणि 'रेदुई'ची योजना मांडली. मुख्य फौज आल्प्समध्ये, सां-मोरिस, गॉटहार्ड आणि सारगान्सच्या किल्ल्यांच्या आत न्यायची आणि डोंगरातले बोगदे उद्ध्वस्त करण्याची तयारी ठेवायची.

घराघरांत आणि खानावळींत गिझां यांची छायाचित्रे लागली. १९६० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लोझानमध्ये लाखोंचा जमाव लोटला. पण त्यांचाही हिशेब झाला. सपाट प्रदेशातली बहुसंख्य जनता रेदुईच्या बाहेर राहणार होती, तिचे काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. फ्रान्सशी त्यांनी केलेल्या गुप्त लष्करी बोलण्यांचे कागद १९४० मध्ये जर्मनांच्या हाती पडले. मार्च १९४३ मध्ये ते नाझी एसएसच्या गुप्तहेर विभागाच्या वाल्टर शेलेनबर्गला गुपचूप भेटले आणि मंत्रिमंडळ नाराज झाले. युद्धकाळातल्या स्विस व्यवहारांची चौकशी १९९६ मध्ये नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने केली. तेव्हा देशाच्या बचावाचे सारे श्रेय एका सेनापतीला देणारी जुनी कहाणी बरीच विरली. जर्मनीशी चाललेला व्यापारही त्या बचावात सामील होता, हे लोकांना मान्य करावे लागले.

आज हे पद पुन्हा कधी भरले जाईल का? युक्रेनच्या युद्धाने इथली झोप मोडली आहे. २०३२ पर्यंत संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यावर नेण्याचे ठरले आहे. ड्रोन आणि सायबर हल्ल्यांच्या काळात २४६ सदस्य जमवून मतदान घ्यायला सवड मिळेल का, अशी शंका साहजिक आहे. दुसरीकडे ही फौज मुख्यतः नागरिकांची आहे. शनिवार-रविवारी गाडीत शेजारी बंदूक ठेवून घरी निघालेला तरुण दिसतो, तो वर्षातले काही आठवडेच सैनिक असतो आणि उरलेले दिवस कारकून, सुतार किंवा विद्यार्थी. १९८९ मध्ये लष्करच बरखास्त करावे का, या सार्वमतात ३५.६ टक्क्यांनी होकार दिला. २०१३ मध्ये सक्तीची सेवा मात्र ७३ टक्क्यांनी राखली. ज्या लोकांना आपल्या लष्करावर असे मत देता येते, ते कायमचा सेनापती मागत नाहीत.

चारही जनरल संसदेने निवडले, म्हणून ते चारही तोलून-मापून वागले असे झाले नाही. विले यांनी तटस्थतेचे भान सोडले, गिझां यांनी मंत्रिमंडळाला बाजूला ठेवले. निवडणुकीने माणूस शहाणा होत नाही, हा धडा इथे महागात शिकून झाला आहे. तरीही त्यांच्यापैकी एकही जण काम संपल्यावर पदाला चिकटून राहिला नाही, कारण काम संपताच पदच उरत नव्हते. माणूस निवडताना ही संसद चुकू शकते, हे १९१४ ने दाखवले. पद परत घेण्यात मात्र ती आजवर एकदाही चुकलेली नाही.