एकच संहिता, दोन संगणक आणि विश्वासाचा प्रश्न

‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ संहिता केंद्र सरकारने मे २०२० मध्ये खुली केली. अ‍ॅप काय करते, हे त्यामुळे जाणकारांना वाचता आले. मात्र आपल्या फोनमध्ये उतरलेले अ‍ॅप त्याच संहितेपासून तयार झाले आहे, हे केवळ वाचून कसे ठरवणार?

माणसाने लिहिलेली संहिता आणि यंत्राला कळणारी फाइल यांच्यामध्ये ‘बिल्ड’ म्हणजे बांधणीची पायरी असते. बांधणीच्या संगणकातच घुसखोरी झाली, तर निर्दोष संहितेतूनही दूषित सॉफ्टवेअर बाहेर पडते. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या अमेरिकेतील सोलरविंड्स प्रकरणात हेच घडले होते.

उपाय सांगायला सोपा आहे. समजा, पेडण्यातील एकाने आणि डिचोलीतील दुसऱ्याने तीच संहिता आपापल्या संगणकावर बांधली. दोन्ही फाइली शेवटच्या बिटपर्यंत सारख्या निघाल्या आणि अधिकृत फाइलशीही जुळल्या, तर मध्येच कोणी हात मारल्याची शक्यता फार कमी उरते. प्रत्यक्षात त्या सहसा जुळत नाहीत आणि त्याची कारणे अगदीच क्षुल्लक असतात. बांधणीची तारीख व वेळ फाइलमध्ये कोरली जाते. संहिता ज्या फोल्डरमध्ये होती त्याचा पत्ता, प्रसंगी वापरकर्त्याच्या नावासकट, आत शिरतो. फोल्डरमधील फाइली एक संगणक एका क्रमाने वाचतो, दुसरा दुसऱ्या. एकावर मराठी आणि दुसऱ्यावर इंग्रजी भाषा निवडलेली असेल, तर महिन्याचे नावही वेगळे उमटते. कंपायलरची आवृत्तीच निराळी असली, मग तर बोलणेच खुंटले!

‘डेबियन’ या मुक्त प्रणालीचे स्वयंसेवक २०१३ पासून ही कारणे एकेक करून हुडकत आहेत. संगणकाच्या घड्याळाऐवजी संहितेतील शेवटच्या बदलाची वेळ वापरावी, असा ‘सोर्स डेट इपॉक’ नावाचा संकेत त्यांनी रूढ केला. फाइलींचा क्रम आणि भाषा आधीच ठरवून दिली जाते. कंपायलरसह प्रत्येक घटकाच्या आवृत्तीची नोंद ठेवली जाते. तरीही फाइली जुळल्या नाहीत, तर फरक नेमका कोठे आहे हे ‘डिफोस्कोप’ दाखवतो.

सार्वजनिक पैशाने सॉफ्टवेअर घेणाऱ्या खात्यांनी निविदेत ही अट घालायला हवी. तीत फारसा खर्च नाही.

अर्थात, संहितेतच खोट असेल तर दोन्ही संगणकांवर तीच खोट इमानेइतबारे तयार होईल. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या प्रणालीत सापडलेला चोरदरवाजा प्रकाशित संहितेच्या गठ्ठ्यातच दडवलेला होता. तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडला, तो दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकल्यामुळे.