जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती व सुधारणा

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा दुकानदाराचा किंवा इंजिनियराचा विषय. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने तो का घ्यावा? उत्तर साधे आहे. सुताराला जसा रंधा, तसा आज असंख्य नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना लॅपटॉप. रंध्याचे पाते बोथट झाले म्हणून सुतार नवा रंधा आणीत नाही, पात्याला धार लावतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ‘पाच वर्षे झाली, आता नवाच घ्या’ हा सल्ला आपण मुकाट्याने ऐकतो आणि कर्जाचा आणखी एक हप्ता मागे लावून घेतो. हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. तो केव्हा चुकीचा आणि केव्हा बरोबर, हे ओळखण्यापुरते यंत्राचे ज्ञान कोणालाही मिळवता येते. त्याला पदवी लागत नाही. ती माझ्यापाशीही नाही.

लॅपटॉप ‘मंद’ झाला, अशी तक्रार आली म्हणजे प्रथम विचारावे की मंद झाले ते नेमके काय? यंत्राचा हिशेब करणारा भाग, ज्याला प्रोसेसर म्हणतात, तो वयपरत्वे थकत नाही. सात वर्षांपूर्वी तो जितकी कामे करू शकत होता, तितकीच आजही करू शकतो. (फार तापला तर मात्र जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. पंख्यात आणि त्याच्या जाळीत साचलेली धूळ हे त्याचे नेहमीचे कारण. ती साफ केल्यावर पुष्कळ यंत्रे ताळ्यावर येतात.) बदलले आहेत ते त्याच्याकडून करून घ्यावयाचे उद्योग. एकटा ब्राउझर दहापंधरा पाने उघडून ठेवली की एकदोन जीबी जागा सहज अडवतो.

ही जागा म्हणजे रॅम. रॅम हे कारकुनाचे मेज समजा आणि डिस्क हे मागचे कपाट. मेजावर फायली मावेनाशा झाल्या की कारकून त्या कपाटात ठेवतो, दुसऱ्या काढतो आणि दिवसभर उठबस करीत राहतो. जुन्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्क ही फिरणारी तबकडी असते. बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. तिच्यावरील हवी ती नोंद सापडावयास दहा-पंधरा सहस्रांश सेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. तेच काम ती सुमारे एकदशसहस्रांश सेकंदात करते. म्हणजे फरक शंभरपट. एखाद्या यंत्रात अजून तबकडी असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हीच पहिली आणि सर्वांत फलदायी सुधारणा. रॅमचा विचार त्यानंतर.

पैसे काढण्याआधी विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून नेहमीचे काम चालू असताना पाहावे. मेमरीचा आकडा सारखा नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. पन्नासच्या आसपास असेल तर आणखी रॅम घालणे म्हणजे रिकाम्या मेजाला फळी जोडणे. हे मुद्दाम सांगतो, कारण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी स्मृतीच्या चिपांची मोठी मागणी केली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले.

विकत घेताना जात पाहावी. डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या पिढ्यांच्या पट्ट्यांना खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसतच नाही. जोर करू नये. डीडीआर ३ मध्ये १.५ व्होल्टची आणि १.३५ व्होल्टची असे दोन प्रकार आहेत, आणि काही लॅपटॉपना दुसराच चालतो. एसएसडीचेही तसेच. एम.२ नावाच्या चपट्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती असतात. दिसावयास बहिणी, पण बोली निराळी. आपल्या यंत्राला कोणती समजते, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

पुस्तिकेचा विषय निघाला म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. थिंकपॅड ही मालिका मूळची आयबीएमची; २००५ साली ती लेनोव्होकडे गेली. हिच्या प्रत्येक यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका, कोणता स्क्रू आधी काढावा इथपर्यंत तपशिलाची, कंपनी कोणालाही फुकट वाचू देते. या मालिकेतील २०१८ चे टी ४८० हे यंत्र घ्या. त्यात रॅमसाठी दोन खाचा, डिस्क बदलता येते, आणि बॅटऱ्या दोन: एक आत, दुसरी मागून खटका दाबून काढता येणारी. कार्यालयांनी काढून टाकलेली ही यंत्रे जुन्या बाजारात आली आणि लोकांनी ती रॅम वाढवून, बॅटरी बदलून पुन्हा कामाला लावली. पुढच्याच वर्षी टी ४९० आले. यंत्र मिलिमीटर-दोन मिलिमीटर पातळ झाले. पण मागची बॅटरी गेली, आणि एका खाचेच्या जागी रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन कायमची बसवली गेली. आता ती बिघडली तर मदरबोर्डच बदलावयाचा. डाख दिलेल्या एलपीडीडीआर जातीच्या स्मृतीला वीज कमी लागते, हे खरे आहे. परंतु टी ४९० मधील स्मृती साधी डीडीआर ४ होती. तिला खाच देण्यास निसर्गनियमाची काही आडकाठी नव्हती. याचा पुरावा त्याच कंपनीने पुढे दिला. २०२४ च्या टी १४ च्या पाचव्या आवृत्तीत, दुरुस्तीचा पुरस्कार करणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेच्या सल्ल्याने, दोन्ही खाचा परत आल्या. जे विज्ञानाने अटळ म्हणून आपल्याला सांगितले जाते, ते कित्येकदा कोणाच्या तरी टेबलावर झालेला निर्णय असतो. आणि निर्णय फिरवता येतात, हे संघटनेच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. गिरण्यांतले माग पिढ्यान् पिढ्या चालले ते जॉबरला त्याचा प्रत्येक भाग सोडवता आणि बसवता येत होता म्हणून. असो.

यंत्र निकामी ठरवण्याची आणखी एक तऱ्हा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टी ४८० त्यात बसते; त्याच्या आधीचे, सातव्या पिढीचे टी ४७० बसत नाही, जरी पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे यांत दोहोंमधला फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. अशा यंत्रावर लिनक्स बसवावे. मिंट किंवा उबंटू फुकट मिळते, आणि मराठी टंकलेखन त्यात उत्तम चालते.

आता वेबकॅमकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीपासून शाळेची हजेरी, नोकरीची मुलाखत, डॉक्टरांचा सल्ला, सारे या मसुराएवढ्या भिंगातून होऊ लागले. आणि नेमके हेच वेळेवर दगा देते. पडद्याच्या वरच्या कडेत बोटभर लांबीची एक पट्टी असते, तिच्यावर भिंग. लॅपटॉपच्या दृष्टीने हा कॅमेरा आतल्या बाजूने जोडलेले एक यूएसबी उपकरण आहे, पेनड्राइव्हसारखेच: दोन तारा विजेच्या, दोन माहितीच्या. या तारा पुष्कळदा पडद्याच्या केबलबरोबर बिजागरीतून खाली उतरतात. झाकण दिवसातून दहा वेळा उघडले, मिटले की त्या तितक्या वेळा वाकतात. एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की पुढचा शोध सोपा होतो.

प्रथम झडप पाहावी. कित्येक यंत्रांत भिंगावर सरकती झडप असते. ती लावलेली असेल तर कॅमेरा चालू दिसतो आणि चित्र काळे. काही यंत्रांत कॅमेऱ्याचे बटण कडेला, चार्जरच्या भोकाशेजारी असते, आणि ते बंद केले की कॅमेऱ्याची जोडणीच तुटते. मग यंत्र सांगते की कॅमेराच नाही. आमच्या एका सभासदाच्या मुलीची मुलाखत दुसऱ्या दिवसावर आलेली. दुकानात तिला सांगण्यात आले की मदरबोर्ड गेला, नऊ हजार पडतील. तिच्या यंत्राच्या उजव्या कडेला असले एक बटण होते. ते नखाने सरकवले आणि तिचा चेहरा पडद्यावर आला. दुकानदार लबाड होता की अडाणी, याचा निवाडा मी करीत नाही. नऊ हजार रुपये दोन्ही बाबतींत सारखेच गेले असते.

झडप आणि बटण ठीक असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली कॅमेऱ्याला परवानगी आहे का ते पाहावे, आणि दुसरा एखादा कार्यक्रम कॅमेरा अडवून बसलेला नाही ना, तेही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडावे. येथे वाटा फुटतात. यादीत कॅमेऱ्याचे नाव आहे पण चित्र नाही, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा: ते नाव तेथून काढून यंत्र पुन्हा सुरू करावे, म्हणजे विंडोज त्याची नव्याने ओळख करून घेते. नावच नसेल तर बायॉसमध्ये कॅमेरा बंद केलेला आहे का, हे बघून मग केबलचा संशय घ्यावा. झाकण पुढेमागे हलवताना चित्र येते-जाते, ही केबलची खूण. शंका राहिली तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. डिस्कवर काहीही न बसवता ते चालते. तेथे कॅमेरा दिसला तर आतील तारा शाबूत आहेत, आणि खोट विंडोजमध्ये शोधावयाची. हजारांची दुरुस्ती आणि फुकटची दुरुस्ती यांतील निवड ही एक चाचणी करते.

एक विलक्षण प्रकार सांगतो. आसूसच्या काही लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याची पट्टी उलटी बसवलेली आहे, आणि कंपनीचा ड्रायव्हर ते चित्र सुलटे करून दाखवतो. मालकाने विंडोज नव्याने घातले आणि सर्वसाधारण ड्रायव्हर आला की माणसे छताला लोंबकळू लागतात! त्याला कॅमेरा बदलावा लागत नाही. त्या नमुन्याचा मूळ ड्रायव्हर घालावा. लिनक्सवाल्यांनी अशा उलट्या यंत्रांची एक यादीच आपल्या आज्ञावलीत ठेवली आहे. ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या यंत्राचे नाव कळवले, आणि पुढच्याचा त्रास वाचला.

भिंगावर कागद चिकटवणाऱ्यांना पुष्कळ जण हसतात. मी हसत नाही. कॅमेऱ्याजवळचा दिवा न लावता कॅमेरा चालू करता येतो, हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली, ॲपलच्या २००८ पूर्वीच्या काही यंत्रांवर, दाखवून दिले. फक्त आवरण पातळ असावे. जाड आवरणावर मॅकबुक मिटल्यास पडदा तडकू शकतो, असा इशारा ॲपलने २०२० मध्ये दिला होता.

झाकण उघडावयाचेच झाले तर घाई करू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे. थिंकपॅडमध्ये आतली बॅटरी तोडण्याची सोय बायॉसमध्येच आहे. इतरत्र झाकण निघताच पहिले काम बॅटरीची पिन सोडवण्याचे. पडद्याच्या केबलला बॅटरी जोडलेली असताना हात लावला तर पडद्यामागील दिव्याचा फ्यूज उडतो, आणि कॅमेरा दुरुस्त करता करता पडदा काळा होतो. स्क्रू लांबीने वेगवेगळे असतात. कागदावर यंत्राचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवावा. पडद्याची चौकट खटक्यांवर किंवा चिकटपट्टीवर बसलेली असते; ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने काढावी, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने नव्हे. केबल निसटली असेल तर नीट दाबून बसते. पट्टीच गेली असेल तर तिच्यावर छापलेला भाग-क्रमांक उतरवून नेमकी तीच मागवावी. आणि बिजागरीत हात घालण्याची छाती होत नसेल, तर बाहेरून लावावयाचा यूएसबी कॅमेरा घेण्यात कमीपणा काहीच नाही; चित्र पुष्कळदा आतल्यापेक्षा बरेच येते.

बॅटरी फुगलेली आढळली, टचपॅड वर उचलला गेला असेल, तर यंत्र तेथेच थांबवावे. ती टोचू नये, दाबू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.

राहिले दुकान. प्रत्येक काम घरी होत नाही, आणि चांगला कारागीर आपल्याइतकाच श्रमाचा धनी आहे; त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांच्या पुस्तिका आणि हमीची माहिती एके ठिकाणी मिळावी, हा त्याचा हेतू. दुकानात जाताना डिस्क काढून घरी ठेवता आली तर ठेवावी. कॅमेरा किंवा बिजागरी दुरुस्त करावयास आपली पत्रे आणि छायाचित्रे लागत नाहीत. कोणता भाग बदलणार ते आधी लिहून घ्यावे, बिलावर भागाचे नाव आणि मजुरी वेगळी मागावी, काढलेला जुना भाग परत घ्यावा, आणि पैसे देण्यापूर्वी तेथेच झाकण चार वेळा उघडून मिटून कॅमेरा चालवून पाहावा.