जांगल देशातील गृहरचना आणि भेषजागार

आयुर्वेदाने ‘देश’ या संज्ञेत भूमी आणि आतुर या दोहोंचा समावेश केला आहे. आतुराचे परीक्षण आपण नित्य करतो. भूमीचा विचार मात्र बहुधा आहारविहाराच्या उपदेशापुरता राहतो. वस्तुतः घराच्या भिंती आणि छप्पर हीदेखील भूमीनुसारच घडतात. माळशिरस तालुक्यातील वेळापूर परिसराच्या जुन्या गृहरचनेवरून औषधे ठेवण्याच्या जागेविषयी काय बोध घेता येतो, हे येथे पाहू.

यादवकालीन अर्धनारीनटेश्वर मंदिर आणि श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम यांमुळे वेळापूर सर्वपरिचित आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. वार्षिक पाऊस सरासरी ५०० ते ६०० मि.मी.; त्याचा जोर सप्टेंबरात अधिक. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. अल्प जल, विरळ वृक्ष, रूक्ष वायू आणि तीव्र आतप ही जांगल देशाचीच लक्षणे होत.

या हवामानास येथील गवंडी-सुतारांनी दिलेले उत्तर म्हणजे माळवदाचे, अर्थात धाब्याचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, खांबांवर तुळया, त्यांवर लाकडी किलचांचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड लेप, अशी ही रचना असते. ही माती भिजली की घट्ट बसते व पाणी सहजी झिरपू देत नाही. पावसाळ्यापूर्वी तिचा नवा थर द्यावा लागतो. पाऊस बेताचा असल्याने छप्पर सपाट चालते. कोकणात असे छप्पर एक पावसाळाही निभावणार नाही, म्हणून तेथे उतरती कौले आली. जाड माती उष्णता सावकाश शोषते. दुपारचे ऊन आत पोहोचेतो रात्र होते, आणि रात्री तीच उष्णता मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. खिडक्या लहान व मोजक्या. उजेडासाठी माळवदात सवणे.

आता चरकाचार्यांनी कल्पस्थानात सांगितलेले औषधीसंग्रहाचे स्थान आठवावे. दार पूर्वेस वा उत्तरेस असावे. वाऱ्याचा थेट झोत नसावा, तरी एका बाजूने हवा खेळती असावी. अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ आणि उंदीर यांचा उपद्रव नसावा. औषधे झाकून शिंक्यात टांगावीत. सुश्रुताचार्यही धूर, पाऊस, वारा व ओल यांपासून रक्षण सांगून मृद्भांडे, फळ्या आणि खुंट्या यांचा उल्लेख करतात. माळवदाच्या घरातील आतली खोली यांपैकी अनेक अटी सहज पूर्ण करीत असे.

आज आपली बहुतेक दुकाने व चिकित्सालये सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली आहेत. पत्रा सूर्योदयापाठोपाठ तापतो आणि उघडा स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडतो. परिणामी गुग्गुळकल्पांच्या गोळ्या मऊ होऊन चिकटतात, कापूर व ओव्याचे सत्त्व उडून जाते, आसवारिष्टांच्या बाटल्यांत दाब वाढतो. पुढे सप्टेंबरच्या दमट हवेत चूर्णांच्या गाठी होतात. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या फडांजवळ ही ओल अधिक जाणवते. म्हणजे जांगल देशातच आनूपाचा अंश शिरला आहे. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिने टिकते असे सांगितले. शासकीय नियमांनी वेष्टनावर छापण्यास दिलेली मुदत त्याहून पुष्कळ अधिक आहे. परंतु ती योग्य साठवण गृहीत धरते. तापलेल्या खोलीत वेष्टनावरील तारीख रुग्णाच्या उपयोगाची नाही.

म्हणून पुन्हा माळवदे बांधावीत, असे मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे कोसळून हजारो जीव गेले. रचना सोडावी, तत्त्व ठेवावे.

त्यासाठी पुढील गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. साठा उत्तरेच्या वा पूर्वेच्या खोलीत ठेवावा. पश्चिमेच्या भिंतीस लागून व थेट छपराखाली कपाट नसावे. स्लॅबला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा. पत्रा असल्यास त्याखाली दुसरे छत करावे. चूर्णे घट्ट झाकणाच्या लहान बरण्यांत भरावीत व पावसाळ्यापूर्वी साठा बेताचा ठेवावा. कपाटात कमाल-किमान तापमापक व आर्द्रतामापक ठेवून रोजची नोंद करावी. एका वर्षाच्या नोंदीवरून प्रत्येकास आपल्या भेषजागाराचा ‘देश’ कळेल, आणि औषधाचा गुण आला नाही तर दोष कल्पाचा की कपाटाचा, हेही ठरविता येईल.