स्वतःला झोडपून कोण सुधारतं?

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत १८७६ साली ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालय सुरू झालं. १९५०च्या दशकात तिथे सात हजारांहून जास्त रुग्ण दाटीवाटीने राहत होते. ती जुनी दगडी इमारत २०१५मध्ये पाडली. आज या गावात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात आयटीतली मराठी कुटुंबंही आली. त्यांच्यातलं नैराश्य बहुधा रुग्णालयाची पायरी चढतच नाही, घरातच मुरतं.

एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की नवी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. एकेक दिवस मोलाचा, तरी लॅपटॉप उघडवत नाही. पुण्याहून आईचा फोन आला, की ‘मीटिंगमध्ये आहे गं’ म्हणायचं. डोक्यात मात्र एकच टकळी: तुझी लायकीच नाही! याला आळस म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ज्या गोष्टीची शरम वाटते, तिच्याकडे माणूस पाठ फिरवतो. अर्ज राहतात, राहिले म्हणून आणखी शिव्या, आणि नैराश्याला आयतं खतपाणी.

या शिव्यांच्या उलट टोकाला असते स्व-करुणा. टेक्सासच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३मध्ये ती मोजण्यासाठी २६ विधानांची प्रश्नावली तयार केली. चुकलो तर स्वतःशी मायेने बोलतो का, असं इतरांचंही होतं हे आठवतं का, दुःखात वाहून न जाता त्याच्याकडे पाहता येतं का, हे ती तपासते. २०१२मध्ये मॅकबेथ आणि गमली या संशोधकांनी या विषयावरचे १४ अभ्यास एकत्र तपासले. स्व-करुणा जास्त, तिथे नैराश्य, चिंता आणि ताण कमी, असं ठळक नातं दिसलं. नातं म्हणजे कारण नव्हे, हे अर्थातच. शिवाय या प्रश्नावलीतली निम्मी विधानं आत्मनिंदा, एकटेपणा अशा नकारात्मक गोष्टींचीच असल्याने नातं फुगून दिसतं, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

पण आपल्याकडे खरी शंका वेगळीच असते: असे लाड केले तर माणूस सैलावणार नाही का? बर्कलीच्या विद्यापीठात ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी हेच पाहिलं. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड परीक्षा दिली. काहींना सांगितलं, ‘ही अनेकांना जड जाते, स्वतःला फार बोल लावू नका.’ काहींना सांगितलं, ‘इथे प्रवेश मिळाला म्हणजे तुम्ही हुशारच.’ उरलेल्यांना काहीच नाही. पुढच्या परीक्षेसाठी सगळ्यात जास्त वेळ अभ्यासाला बसले ते पहिल्या गटातले. हुशारीची शाबासकी तेवढी कामी आली नाही.

पार्सिपनीहून तासाभरावर, मॅनहॅटनमध्ये, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस कित्येक दशकं असंच काहीसं सांगत होते: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. मुंबईचे कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून हा विचार मराठीत रुजवला. ‘मुलाखतीत अडखळलो’ आणि ‘मी नालायक’ या दोन वाक्यांतलं पहिलं दुरुस्त करता येतं. दुसऱ्यात दुरुस्त करण्याजोगं काही नसतंच.

काहींना मात्र स्वतःशी दोन गोड शब्द बोलले तरी उलट अस्वस्थ वाटतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांनी स्व-करुणेच्या या भीतीचाही अभ्यास केला आहे. अशांनी एकट्याने झगडत बसू नये, समुपदेशकाकडे जावं. झोप-भूक हरपली किंवा जगणं नकोसं झालं, तर डॉक्टरच गाठावा. तातडीच्या मदतीसाठी अमेरिकेत ९८८ हा क्रमांक आहे, भारतात टेली-मानसचा १४४१६.