बाप गेला, आई आहे. तरी मुलाचा हक्क आहे

बाप गेला की पोराची शाळा सुटते. आई म्हणते, "माझं पोर अनाथ नाही, त्याला सरकार काय देणार?" हा गैरसमज आम्हाला वस्त्यावस्त्यांत आढळतो. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, एक पालक गमावलेले मूलही बसते. आईबाप दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असले तरीही. मूल घरीच राहते, आईपाशी नाहीतर आजी-मावशीपाशी. पूर्वी महिना १,१०० रुपये मिळत, २०२३ पासून २,२५० ठरले. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा. गृहभेट होते, मग बालकल्याण समिती आदेश काढते. बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जमतो हो. घोडे अडते मृत्यूच्या दाखल्यापाशी! गावी वारलेल्या माणसाची कित्येकदा नोंदच नसते. २१ दिवसांत ती फुकट होते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. म्हणून आमचे सांगणे, पुण्यानुमोदनाची पत्रिका छापण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन या. मूल संकटात दिसले तर १०९८ हा फोन दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.